सरपंचपदाचा फॉर्म: पात्रता, कागदपत्रं आणि फॉर्म जे विचारत नाही ते काम

ग्रामपंचायतीची निवडणूक लागली की तहसील कचेरीसमोरच्या झेरॉक्सवाल्याला मान वर करायला फुरसत नसते. येणारा प्रत्येक जण एकच विचारतो, "कागद कोणकोणते लागतात?" मासिक सभा कोणी बोलवायची, अंदाजपत्रक कुठं मंजूर होतं, हे तिथं कोणी विचारत नाही. फॉर्मही विचारत नाही. उमेदवाराचं वय, जात, मालमत्ता, गुन्हे, मुलं, संडास असं सगळं त्यात लिहून घेतात, पण ज्या खुर्चीसाठी हा खटाटोप चालला आहे तिच्या कामाबद्दल एकही रकाना नाही. तरीही अपात्रतेच्या अटी नीट वाचल्या तर निम्मं काम त्यातूनच कळतं. म्हणून इथं कागद आणि काम दोन्ही सोबत घेतलं आहे.

कोण उभं राहू शकतं

वयाची 21 वर्षं पूर्ण हवीत आणि त्याच ग्रामपंचायतीच्या मतदार यादीत नाव हवं. 1 जानेवारी 1995 किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना किमान सातवी पास असल्याचा दाखला लागतो. त्याआधी जन्मलेल्यांना शिक्षणाची अट नाही. 12 सप्टेंबर 2001 नंतर झालेल्या अपत्यामुळे मुलांची संख्या दोनपेक्षा जास्त झाली असेल तर उभं राहता येत नाही. निम्म्या जागा महिलांसाठी असतात, आणि पेसा क्षेत्रात (म्हणजे पेसा कायदा लागू असलेल्या आदिवासी भागात) सरपंचपद अनुसूचित जमातीसाठीच असतं. आपल्या गावची आरक्षणाची सोडत काय निघाली ते आधी बघा, मग गुलाल आणा.

सरपंच थेट जनतेतून निवडायची पद्धत 2017 मध्ये आली, 2020 मध्ये गेली आणि 2022 मध्ये परत आली. म्हणजे मतदाराच्या हातात दोन निवडी असतात, एक सरपंचाची आणि दुसरी प्रभागातल्या सदस्यांची. पक्षाचं चिन्ह मिळत नाही. गावात पॅनल असतात, आणि राज्य निवडणूक आयोगाच्या यादीतलं मुक्त चिन्ह घ्यावं लागतं.

अर्ज सहसा कुठं उडतो

महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम 1958 चं कलम 14 म्हणजे अपात्रतेची यादी. छाननीच्या दिवशी विरोधी पॅनलचा वकील हेच पान उघडून बसलेला असतो.

पहिली अट थकबाकीची. घरपट्टी किंवा पाणीपट्टीचं बिल रीतसर बजावल्यापासून तीन महिन्यांत भरलं नाही तर अपात्रता येते. दुसरी अट ठेक्याची. पंचायतीच्या कामात किंवा कंत्राटात स्वतःचा किंवा भागीदाराचा, थेट वा आडून, हितसंबंध नको. तिसरी अट अतिक्रमणाची. सरकारी किंवा सार्वजनिक जागेवर अतिक्रमण असेल तर पद जातं. अतिक्रमण सासऱ्यानं केलं होतं, मी नाही, असं सांगून भागत नाही. कुटुंबातल्या माणसानं केलेल्या अतिक्रमणाचा वापर करत तिथं राहणाऱ्या सदस्यालाही अपात्र धरता येतं, असं सर्वोच्च न्यायालयानं 2018 मध्ये स्पष्ट केलं आहे. चौथी अट घरी शौचालय असण्याची आणि ते वापरण्याची.

आता या चार अटी उलट बाजूनं वाचा. कर वसूल करणं, कामं निविदेनं देणं, गावठाण आणि गायरान राखणं, स्वच्छता ठेवणं. सरपंचाच्या पहिल्या वर्षाचं काम यापेक्षा फार वेगळं नसतं. स्वतःची पट्टी शेवटच्या आठवड्यात धावतपळत भरणारा उमेदवार उद्या शेजाऱ्याकडून वसुली कशी करणार, हा प्रश्न मतदाराने विचारायला हरकत नाही.

कागदपत्रं

नामनिर्देशनपत्र आयोगाच्या संकेतस्थळावर भरतात. मग त्याची प्रिंट काढून, सही करून, मुदतीत निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे जमा करावी लागते. नुसतं ऑनलाइन भरून घरी बसलात तर अर्ज दाखल झालेला नसतो. 15 जानेवारी 2021 च्या मतदानाआधी सर्व्हर इतका अडला की आयोगाला ऐन वेळी कागदी अर्ज घ्यायची परवानगी द्यावी लागली. तेव्हा शेवटचा दिवस टाळलेलाच बरा.

अर्जासोबत घोषणापत्र असतं. त्यात गुन्हे, मालमत्ता, कर्ज आणि शिक्षण लिहायचं. रकाना रिकामा ठेवू नका, काही नसेल तर "निरंक" लिहा. मतदार यादीतल्या नावाचा उतारा, वयाचा पुरावा, लागू असेल तर सातवीचा दाखला, अनामतीची पावती आणि निवडणूक खर्चासाठी उघडलेल्या स्वतंत्र खात्याचं पासबुक जोडा. थकबाकी, शौचालय आणि ठेकेदारीबाबत कुठं दाखला मागतात, कुठं स्वयंघोषणा चालते. तहसीलच्या फलकावरची त्या निवडणुकीची यादी अंतिम समजा.

राखीव जागेसाठी जात प्रमाणपत्र आणि जात वैधता प्रमाणपत्र दोन्ही लागतात. वैधता हातात नसेल तर पडताळणी समितीकडे अर्ज केल्याची पोच आणि मुदतीत प्रमाणपत्र देण्याचं हमीपत्र जोडतात. हे हमीपत्र हलक्यात घेऊ नका. निवडून आल्यावर मुदत चुकली की निवडच रद्द होते, मग हार-तुरे कितीही पडलेले असोत.

फॉर्म न विचारणारं काम

प्रचारपत्रकात काय काय छापलेलं असतं ते बघा: सातबारा दुरुस्त करू, रेशनची तक्रार मिटवू, शाळेला शिक्षक आणू. सातबारा तलाठ्याकडे म्हणजे महसूल खात्याकडे, रेशन पुरवठा विभागाकडे, शिक्षक जिल्हा परिषदेकडे. सरपंच पाठपुरावा करू शकतो, आदेश काढू शकत नाही.

त्याच्या हातात जे आहे तेही थोडं नाही. पंचायतीची मासिक सभा बोलावणं त्याचं काम. वर्षातून किमान चार ग्रामसभा घेणंही त्याचंच, आणि त्याआधी महिलांची सभा. पुरेशा कारणाशिवाय या सभा टाळल्या तर कायद्याने पदच जाऊ शकतं. ग्रामसभेची गणपूर्ती एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100 माणसं, यांपैकी जी संख्या कमी ती. गणपूर्ती नाही म्हणून सभा तहकूब करायची आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही म्हणून पाच-दहा जणांत ठराव उरकायचे, ही पळवाट बहुतेक गावांना पाठ आहे. घरकुलाच्या लाभार्थ्यांची यादीही ग्रामसभेपुढेच येते, त्यामुळे त्या दिवशी मात्र गर्दी होते.

खरी मेख पैशात आहे. वित्त आयोगाचा निधी खर्च करताना सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी (2024 पर्यंत आपण त्यांना ग्रामसेवक म्हणत होतो) या दोघांच्या डिजिटल सह्या लागतात. सरपंचाची सही पेनड्राइव्हसारख्या एका छोट्या डोंगलमध्ये असते. बऱ्याच ठिकाणी ते डोंगल संगणक चालकाच्या ड्रॉवरमध्ये पडून असतं आणि पासवर्ड वहीच्या शेवटच्या पानावर लिहिलेला असतो. पैसे गेल्यावर "मला माहीत नव्हतं" म्हणून चालत नाही. लेखापरीक्षणात आक्षेप आला तर वसुलीची नोटीस सरपंचाच्याही नावे निघते. महिला सरपंच असेल आणि डोंगल नवऱ्याच्या खिशात असेल, तरी नोटिशीवर नाव तिचंच.

निवडून आल्यावर प्रशिक्षण मिळतं, यशदा या पुण्यातल्या सरकारी प्रशिक्षण संस्थेचा त्यात मोठा वाटा आहे. पण ते नंतर. फॉर्म भरण्याआधी पंचायतीत जाऊन तीन गोष्टी मागून बघा: चालू वर्षाचं अंदाजपत्रक म्हणजे नमुना 1, ग्रामपंचायत विकास आराखडा आणि मागच्या लेखापरीक्षणाचा अहवाल. नमुना 8 ही कर आकारणीची नोंदवही आणि नमुना 9 ही कर मागणीची. त्याही चाळल्या तर गावाचं उत्पन्न किती आणि थकबाकी कोणाकडे, ते दिसतं. शेजाऱ्यांची नावं वाचून थोडं अवघडायला होईल, ते होऊ द्या.

निकालानंतर

निवडीला आव्हान द्यायचं असेल तर निकालापासून 15 दिवसांत दिवाणी न्यायाधीशाकडे अर्ज करावा लागतो. अपात्रतेचा वाद जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो, आणि तो पुढच्या पाच वर्षांत कधीही निघू शकतो. निवडणूक खर्चाचा हिशोब निकालापासून 30 दिवसांत द्यायचा असतो, हरलेल्यांनी आणि बिनविरोध आलेल्यांनीही. तो न दिल्यास पाच वर्षांपर्यंत निवडणूक लढवायला बंदी येऊ शकते. हिशोब जमा केल्याची पोच जपून ठेवा.