आऊट काढलेलं चाक आणि पक्कं बांधलेलं चाक

भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोटीने मांडव्याला उतरून सामानासकट सायकलने कोकणात निघायचं म्हटलं की आधी चाकांचा आऊट, म्हणजे वाकडेपणा, काढून घेतात. चाक फिरवलं, रिम ब्रेकला कुठे घासत नाही, झालं काम! पण सरळ झाली ती रिम. स्पोकचा ताण सारखा आहे का, हे त्यावरून कळत नाही, आणि कॅरियरवर वीस किलो चढले की चाक टिकतं ते ताणावर.

खड्ड्यात आदळून रिम वाकली की तिथला एक स्पोक करकचून आवळतात, शेजारचा सोडतात. रिम सरळ दिसते. सैल स्पोक मात्र प्रत्येक फेरीत तळाशी आला की ढिला पडतो, वर गेला की ताणतो. निपल, म्हणजे रिमपाशी स्पोक आवळायचं छोटं नट, हळूहळू उलटं फिरतं आणि शेवटी स्पोक हबपाशी, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यापाशी, वळणावर तुटतो. त्यावर जाड स्पोक हा उपाय नव्हे. मध्ये 1.8 मिमी आणि टोकांना 2 मिमी असलेला स्पोक जास्त ताणला जातो, त्यामुळे सहज ढिला पडत नाही.

तपासायला स्पोक नखाने छेडा. एका बाजूचे सगळे जवळपास एका सुरात वाजायला हवेत. मागच्या चाकात डाव्या-उजव्याची तुलना नको. गिअरच्या जागेमुळे डावीकडे ताण बराच कमीच असतो. स्पोकचा ताण मोजायचं मीटर असेल तर उजवीकडे साधारण 100 ते 120 किलो, रिमवर कमी मर्यादा दिली असेल तर तीच.

रिम उजवीकडे गेली असेल आणि तिथला उजवा स्पोक चढा वाजत असेल तर तो सोडा. डावा बद्द वाजत असेल तर तो आवळा. एका वेळी पाव फेरी. सूर नेमका उलटा सांगत असेल तर रिमच वाकलीय, बदला.

स्पोक-निपलच्या आट्यांना आधी तेल द्या. आवळताना स्पोक पिळतो, म्हणून किंचित जास्त फिरवून तेवढंच मागे आणा. मग हातमोजे घालून समांतर स्पोकच्या जोड्या चाकभर मुठीत जोरात दाबा. घाईत हीच पायरी सर्रास गाळली जाते. दाबल्यावर रिम लाटेसारखी वळली तर ताण फार झालाय. सगळी निपलं अर्धी फेरी सोडा.

खाऱ्या हवेत ॲल्युमिनियमची निपलं गंजून जाम होतात, पितळीच घ्या. मागचे डावे-उजवे स्पोक लांबीला वेगळे असतात. दोन्हींचे दोन-दोन सोबत ठेवा. उजवा घालायला कॅसेट, म्हणजे मागच्या गिअरच्या दातेरी चकत्यांचा संच, उतरवावी लागते, तेव्हा तिचं अवजारही.