कट्ट्याला नंबर नसतो, पण खूण असते

आमच्याकडं परभणी, बीड, नांदेडच्या पेपरात एक बातमी फिरून फिरून येते, स्थानिक गुन्हे शाखेनं सापळा लावला, कमरेला खोचलेला गावठी कट्टा आणि दोन जिवंत काडतुसं मिळाली, आर्म्स ॲक्टखाली गुन्हा दाखल. परवा बसस्टँडसमोरच्या हॉटेलात हीच बातमी वाचताना एकजण एकदम ठामपणे म्हणला, "कट्ट्याचं काही सिद्ध होत नसतंय, ना कंपनी ना नंबर, पोलिस काय शोधणार?" बाकीच्यांनी माना डोलावल्या. मला राहवलं नाही, कारण खरी गोष्ट याच्या बरोब्बर उलटी आहे. नंबरावरून मालक कळतो. गोळी कुठल्या हत्यारातून सुटली हे नंबर सांगतच नाही, ते सांगतात हत्याराच्या लोखंडावरचे ओरखडे, आणि हातानं घासलेल्या लोखंडाला ओरखड्यांची काय कमी?

आमच्या मामाचं लातूरला लेथचं वर्कशॉप होतं. लहानपणी त्यानं मला एकाच पट्टीचे दोन तुकडे एकाच कानशीनं घासून दिले, पाच मिनिटांच्या अंतरानं. डोळ्याला दोन्ही सारखेच. मग दोन्हीवर मऊ केलेलं मेण दाबलं, उचललं आणि भिंग लावून बघितलं तर एकाच्या रेघा दुसऱ्याला कुठंच जुळेनात. कारण साधं आहे, घासताना कानशीच्या दातात लोखंडाचे कण अडकतात, मधेच निसटतात, दाताचं टोक झिजतं, हात थोडा तिरका पडतो, त्यामुळं तीच कानस पुढच्या घासणीला तीच राहत नाही.

आता हे काडतुसाला लावून बघा. चाप ओढला की फायरिंग पिन काडतुसाच्या बुडावरच्या टोपीवर आदळते, टोपीतला मसाला पेटतो, त्यानं आतली दारू पेटते आणि एका क्षणात प्रचंड वायू तयार होतो. किती दाब? मोटारसायकलच्या चाकात आपण 30 च्या आसपास पीएसआय हवा भरतो, 7.65 मिमीच्या काडतुसात तो साधारण 20 हजार पीएसआयपर्यंत जातो. हा दाब गोळीला पुढं ढकलतो तसाच पुंगळीला, म्हणजे काडतुसाच्या धातूच्या कवचाला, मागं ढकलतो, न्यूटनचा तिसरा नियम, शाळेतलाच. मागं असतो ब्रीच, म्हणजे पुंगळीला टेकू देणारी लोखंडी भिंत. टोपीचा धातू मऊ, भिंत कडक, त्यामुळं मुद्देमालाच्या पाकिटावर लाखेचं सील उठावं तसा त्या भिंतीवरच्या घासणीचा छाप टोपीवर उठतो. शिवाय पिनचा खड्डा असतोच, आणि कट्ट्यात तो बहुतेक वेळा मधोमध नसतो, एका बाजूला सरकलेला असतो. पिनचं भोक मोठं असेल तर टोपीचा धातू त्या भोकात फुगून येतो, ती फुगवटी भोकाच्या काठाची हुबेहूब नक्कल असते.

इथं एक बारकावा. कारखान्यात एकाच हत्यारानं एकामागून एक कापलेल्या भागांवर काही रेघा सारख्या येऊ शकतात, म्हणून तपासणाऱ्याला कुठली खूण त्या बॅचची आणि कुठली त्या एकाच पिस्तुलाची हे वेगळं काढावं लागतं. हातघासणीत ही भानगड बरीच कमी. पण कट्ट्याचं लोखंड अनेकदा कच्चं असतं, पिनचं टोक लवकर झिजतं, म्हणून लॅबमध्ये उगाच गोळ्या झाडत बसत नाहीत. नळी फुटायचीही भीती असते, त्यामुळं हातात न धरता लांबून फायर करतात आणि त्या पुंगळ्या घटनास्थळावरच्या पुंगळीशेजारी कंपॅरिझन मायक्रोस्कोपखाली ठेवतात. दोन्हीची अर्धी अर्धी प्रतिमा एकाच गोलात दिसते आणि मधल्या रेषेवर ओरखडे सांधतात का ते बघायचं.

गोळीचं मात्र अवघड असतं. कंपनीच्या नळीत आतून पिळदार खाचा असतात, त्या गोळीवर उमटतात. कट्ट्याची नळी म्हणजे बऱ्याचदा साधा पाइप, गोळी ढिली जाते, कुठंतरी एका बाजूला घासते, कधी लक्ष्यावर आडवीच आदळते. म्हणून कट्ट्याच्या केसमध्ये माझा जीव पुंगळीतच अडकतो.

सिरियलमध्ये कॉम्प्युटर एका मिनिटात "मॅच" दाखवतो ते सोडून द्या. कॉम्प्युटर फक्त जवळपासचे नमुने काढून देतो, ठरवतो माणूस, आणि 2009 ला अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेनं या जुळणीत तज्ज्ञाच्या वैयक्तिक मताचा भाग मोठा आहे असं स्पष्ट लिहिलंय. विज्ञानाला असे प्रश्न विचारता येतात. आपल्याकडं अजून चोर शोधायला मंतरलेले तांदूळ चारणारे लोक आहेत, त्यांना कोण विचारतं की दहापैकी किती वेळा चुकलात? उगाच एखाद्या गरिबाच्या गळ्यात आळ पडतो.

30 ऑगस्ट 2015 ला धारवाडला कन्नड विचारवंत प्रा. कलबुर्गी यांचा खून झाला आणि 5 सप्टेंबर 2017 ला बंगळुरूत पत्रकार गौरी लंकेश यांचा. दोन वर्षांचं अंतर, दोन वेगळी शहरं. कर्नाटकच्या फॉरेन्सिक लॅबनं गोळ्या आणि पुंगळ्या शेजारी ठेवून अहवाल दिला की दोन्ही ठिकाणी एकच 7.65 मिमीचं गावठी पिस्तूल वापरलंय. तो अहवाल पुढं तपासात कोर्टापर्यंत गेला. तुलना केली तेव्हा पिस्तूल हाती लागलेलंच नव्हतं. नंबर असता तरी वाचायचा कुठं? टेबलावर होत्या त्या फक्त झाडलेल्या गोळ्या आणि पुंगळ्या, आणि त्यांच्यावरचे ते बारीक ओरखडे.