फळे आणा, आधीच काढून ठेवलेला गर आणू नका

आपण आमच्या प्रक्रिया केंद्रात फळे आणून देता आणि आम्ही त्यांचा रस किंवा गर काढून, तापवून, हवाबंद करून आपल्याला परत करतो. या कामात दर हंगामात थोड्याफार फरकाने त्याच तक्रारी येतात: डबा फुगला, गर काळवंडला, रसाला आंबूस वास आला, बाटलीत खाली साका बसून वर पाणी निवळले. अशा मालाची नोंद वहीत शोधली, की बहुतेक वेळा एकच गोष्ट आढळते. तो गर आमच्या पल्परमधून, म्हणजे गर काढण्याच्या यंत्रातून, निघालेला नसतो. ग्राहकाने तो आदल्या दिवशी घरी काढून, पिंपात भरून, ‘आता फक्त तापवून पॅक करून द्या’ असे सांगत आणलेला असतो. त्यामागचा हेतू आम्हाला समजतो. साली आणि कोयी वाहून आणाव्या लागत नाहीत, गाडीत जागा कमी लागते, गर काढण्याचे आमचे शुल्क वाचते. परंतु आमच्याकडे या एका सवयीमुळे जेवढा माल बिघडतो, तेवढा दुसऱ्या कोणत्याही कारणाने बिघडत नाही, म्हणून हे पत्रक प्रामुख्याने तिच्याविषयी आहे.

फळ अखंड असते तोवर त्याच्या पेशींमधील विकरे, म्हणजे एन्झाइम, आणि ज्या घटकांवर ती काम करतात ते घटक वेगवेगळ्या कप्प्यांत असतात. फळ चिरले किंवा पल्परमध्ये घातले की हे कप्पे फुटतात, सारे एकमेकांत मिसळते आणि त्यात हवाही शिरते. सफरचंद, नाशपाती किंवा केळी यांचा गर थोड्याच वेळात तपकिरी पडू लागतो तो यामुळेच, कारण पॉलिफिनॉल ऑक्सिडेज हे विकर हवेतील ऑक्सिजन वापरून फळातील फिनॉल वर्गातील पदार्थांपासून गडद रंगद्रव्ये तयार होण्याची सुरुवात करून देते. संत्र्याच्या रसात दुसरेच विकर त्रास देते. रसाला धूसर, भरीव रूप देणाऱ्या पेक्टिनवर ते काम करते, मग ते पेक्टिन रसातील कॅल्शियमशी बांधले जाते आणि गाळासह तळाशी बसते. काही जातींच्या संत्र्यांचा रस काढताना गोड लागतो आणि काही तासांनी कडवट होतो, तेही फळातील एक बेचव पदार्थ रसाच्या आम्लतेत हळूहळू लिमोनिन या कडू पदार्थात बदलत असल्यामुळे. हे सारे आपला गर पिंपात असताना, आमच्या दारापर्यंत पोहोचण्याआधी घडून गेलेले असते. उष्णता विकरांचे पुढचे काम थांबवते. मागे झालेले काम ती उलटवू शकत नाही. तपकिरी पडलेला गर तापवला, तर तपकिरी गरच टिकवला जातो.

आता सूक्ष्मजंतूंचे पाहू, कारण तिथला हिशेब थोडा समजून घेण्यासारखा आहे. पाश्चरायझेशनमध्ये, म्हणजे रस किंवा गर ठरावीक वेळ तापवून जंतू मारण्याच्या प्रक्रियेत, सगळे जंतू एका क्षणी मरतात, असा समज आहे. प्रत्यक्षात ठरावीक तापमानाला ठरावीक वेळ दिल्यावर जंतूंचा ठरावीक भाग मरतो, म्हणजे एका लाखामागे एक उरेल इतकी प्रक्रिया केली, तर सुरुवातीला किती होते यावर शेवटी किती उरले हे ठरते. स्वच्छ धुतलेल्या फळांच्या ताज्या रसात एका मिलिलिटरमध्ये १०० यीस्ट पेशी असतील, तर अशा प्रक्रियेनंतर एका लिटरमध्ये सुमारे एक पेशी उरेल. तोच रस रात्रभर उबदार खोलीत राहून मिलिलिटरमागे एक लाख पेशींवर गेला असेल, तर तीच प्रक्रिया तेवढ्याच काटेकोरपणे करूनही एका लिटरमध्ये १,००० पेशी उरतील. अनुकूल तापमानात यीस्टची संख्या साधारण दोन तासांत दुप्पट होते असे धरले, तरी आठ तासांत ती १६ पट आणि वीस तासांत १,००० पटींहून अधिक होते. आम्ही प्रत्यक्षात वापरतो ते तापमान यापेक्षा बरेच अधिक संख्या कमी करते, परंतु हिशेबाचा नियम तोच राहतो, आणि यीस्टबरोबर वाढलेल्या बुरशींपैकी काहींचे बीजाणू यीस्टपेक्षा कितीतरी चिवट असतात. शिवाय यीस्टने तोपर्यंत काही साखरेचे मद्यार्क आणि कार्बन डायऑक्साइडमध्ये रूपांतर केलेले असते. यीस्ट मेले तरी आंबूस वास डब्यात राहतो.

अशा गराने आमचा वेळ कसा जातो, तेही मोकळेपणाने सांगतो. आंबू लागलेला गर तापवला की त्यात विरघळलेला वायू बाहेर पडून मोठा फेस येतो, त्यामुळे तापमान सर्वत्र सारखे राहत नाही आणि यंत्र थांबवावे लागते. त्यानंतर संपूर्ण लाइन पाण्याने, मग कॉस्टिक सोड्याच्या गरम द्रावणाने आणि पुन्हा पाण्याने धुतल्याशिवाय पुढच्या ग्राहकाचा माल आम्ही आत घेत नाही. पुढचा ग्राहक मात्र पहाटे फळे उतरवून वेळेवर आलेला असतो आणि त्याची फळे उन्हात वाट पाहत असतात. म्हणूनच बाहेर काढलेला गर आता आम्ही तपासल्याशिवाय स्वीकारत नाही, आणि वास किंवा फेस आढळल्यास परत पाठवतो. काही ग्राहकांना हा आडमुठेपणा वाटला आहे. परंतु बिघडणार हे दिसत असताना तो डबा सील करून देणे आम्हाला पटत नाही.

लांबून यायचे असल्याने घरीच गर काढण्यावाचून पर्याय नसेल, तर तो काढल्यावर ताबडतोब स्टेनलेस स्टीलच्या भांड्यात सतत ढवळत ८५ ते ९० अंश सेल्सिअसपर्यंत तापवावा, दोन-तीन मिनिटे तेथेच ठेवावा, नंतर भांडे बर्फाच्या पाण्यात ठेवून लवकर थंड करावा आणि ५ अंशांखाली ठेवून त्याच दिवशी आणावा. दाट गरात उष्णता फार हळू शिरते, त्यामुळे थर्मामीटर कडेला न धरता मध्यभागी बुडवावा. तांब्या-पितळेची किंवा गंजलेली लोखंडी भांडी कृपया वापरू नयेत. या धातूंचे अगदी थोडे अंश रसात उतरले, तरी क जीवनसत्त्व नष्ट होण्याचा वेग वाढतो. गर न तापवता सरळ गोठवण्याचा मार्ग अनेकांना सोपा वाटतो. उणे १८ अंशांना जंतूंची वाढ थांबते हे खरे, परंतु त्यातले पुष्कळसे जिवंत राहतात, विकरेही नष्ट होत नाहीत आणि बर्फ वितळू लागताच गर काळवंडू लागतो. गोठवायचाच असेल, तर आधी तापवून मग गोठवावा.

‘इतके तापवता कशाला, चव जाते’ हा प्रश्न आम्हाला जवळजवळ रोज विचारला जातो. नुसते यीस्ट मारायचे असते, तर ७० अंशांच्या आसपासचे तापमानही बऱ्याच रसांना पुरले असते. संत्र्याच्या रसातल्या पेक्टिनवर काम करणारे विकर मात्र रस बिघडवणाऱ्या सामान्य जंतूंपेक्षा अधिक उष्णता सहन करते, आणि रस निवळू नये म्हणून तो ९० अंशांच्या वर न्यावा लागतो. येथे वेळेला तापमानाइतकेच महत्त्व आहे. तापमान वाढवले की जंतू मरण्याचा वेग फार झपाट्याने वाढतो, तर चव आणि जीवनसत्त्वे कमी होण्याचा वेग त्या मानाने कमी वाढतो. त्यामुळे ६३ अंशांना अर्धा तास पातेल्यात तापलेल्या रसापेक्षा ९० ते ९५ अंशांना अर्धा मिनिट पातळ थरातून वाहत गेलेला रस ताज्या रसाच्या अधिक जवळ राहतो. ‘शिजलेली’ चव बहुधा सावकाश तापवण्यातून आणि त्याहून सावकाश थंड करण्यातून येते. तापवण्याआधी रसातील हवा काढून टाकण्याची पायरीही आम्ही याचसाठी वगळत नाही, कारण साठवणीत क जीवनसत्त्व आणि रंग यांचे बरेचसे नुकसान रसात आणि झाकणाखाली अडकलेला ऑक्सिजन करतो.

रस टिकवण्यासाठी तापवण्याची ही पद्धत जुनी आहे. निकोला अ‍ॅपेर यांनी हवाबंद भांड्यात अन्न तापवून टिकवण्याची आपली रीत १८१० मध्ये प्रसिद्ध केली, तेव्हा अन्न जंतूंमुळे बिघडते हेही सिद्ध झालेले नव्हते; पुढे पाश्चर यांच्या संशोधनानंतर १८६९ मध्ये अमेरिकेत थॉमस वेल्च यांनी द्राक्षाचा रस तापवून न आंबता बाटलीत टिकवून दाखवला. कच्च्या रसाचा आग्रह धरणाऱ्या ग्राहकांना आम्ही १९९६ सालची घटना सांगतो. त्या वर्षी अमेरिकेत आणि कॅनडात न तापवलेल्या सफरचंदाच्या रसातून ई. कोलाय या आतड्यातील जंतूच्या घातक प्रकाराची बाधा होऊन अनेक जण आजारी पडले आणि एक बालक दगावले. २००१ मध्ये अमेरिकेच्या अन्न प्रशासनाने रसउत्पादकांसाठी जो नियम केला, त्यात घातक जंतूंची संख्या एक लाख पटींनी कमी करणारी प्रक्रिया अनिवार्य ठरवली. उष्णतेऐवजी ४०० ते ६०० मेगापास्कल इतक्या दाबाखाली रस ठेवण्याची पद्धतही आता वापरात आहे आणि तिने चव उत्तम राहते, परंतु त्या दाबाने काही विकरे आणि बीजाणू टिकून राहतात, त्यामुळे तो रस शीतगृहातच ठेवावा लागतो. ज्यांना खोलीच्या तापमानाला टिकणारा माल हवा आहे, त्यांच्यासाठी आजही उष्णताच योग्य आहे.

गरात घातले जाणारे सायट्रिक आम्ल म्हणजे एक संरक्षक रसायनच, असाही गैरसमज आहे. ४.६ पेक्षा कमी सामू (पीएच; तो जितका कमी, तितका गर आंबट) असलेल्या गरात बोट्युलिझम या जीवघेण्या अन्नविषबाधेचे विष तयार करणारा जंतू वाढू शकत नाही, आणि म्हणूनच १०० अंशांखालची प्रक्रिया आंबट फळांना सुरक्षितपणे पुरते. लिंबू, संत्रे, अननस, डाळिंब यांना ही मर्यादा सहज पाळता येते. पपई, कलिंगड आणि खरबूज तिच्या वर असतात, केळे बहुधा वरच असते आणि पूर्ण पिकलेला काही आंबाही वर जाऊ शकतो. अशा गराचा सामू मोजून आम्ही आम्ल घालतो, आणि ‘आमच्या मालात काही घालू नका’ असे सांगितले गेले, तर तो गर खोलीच्या तापमानाला ठेवण्यासाठी भरून देत नाही. येथे आम्ही तडजोड करत नाही. संरक्षक रसायनांची गोष्ट वेगळी आहे. योग्य तापमानाला गरम भरलेल्या, हवाबंद मालाला त्यांची गरज नसते. वारंवार उघडल्या जाणाऱ्या मोठ्या पॅकसाठी कोणी मागितले, तरच आम्ही ती ठरावीक मर्यादेत आणि लेबलवर नोंदवून घालतो. डाळिंब, स्ट्रॉबेरी, काळी द्राक्षे यांच्या रसात पोटॅशियम मेटाबायसल्फाइट हे संरक्षक घालण्याचा आग्रह मात्र धरू नये, कारण त्यातील सल्फर डायऑक्साइड लाल-जांभळा रंग फिका करतो.

फळे निवडताना डागाळलेले फळ ‘रसाला चालेल’ म्हणून क्रेटमध्ये टाकले जाते. ओरखडा किंवा वेडावाकडा आकार खरोखरच चालतो, कुजलेला भाग चालत नाही. सफरचंदावरच्या काही बुरशी पॅट्युलिन नावाचे विष तयार करतात आणि ते पाश्चरायझेशनने नष्ट होत नाही, म्हणून त्याची सफरचंदाच्या रसातील आंतरराष्ट्रीय मर्यादा किलोमागे केवळ ५० मायक्रोग्रॅम ठेवलेली आहे. मातीने माखलेली फळेही त्रासाची, कारण पाश्चरायझेशनमध्ये तग धरणारे अ‍ॅलिसायक्लोबॅसिलस जंतूंचे बीजाणू मातीतूनच येतात. डबा फुगत नाही, रस चांगला दिसतो आणि उघडल्यावर औषधासारखा वास येतो, तो बहुधा यांचाच. हे जंतू उबेत वाढतात. म्हणून सुमारे ८५ अंशांना गरम भरून, डबा दोन-तीन मिनिटे उलटा ठेवून झाकणही त्या उष्णतेने निर्जंतुक झाले, की आम्ही तो लगेच थंड पाण्याखाली नेतो आणि पूर्ण थंड झाल्याशिवाय आपल्या ताब्यात देत नाही. गरम डबे खोक्यात रचून नेले, तर मधले डबे दुसऱ्या दिवसापर्यंत कोमट राहतात. दीड-दोन तास थांबावे लागल्याने काहींची नाराजी होते, त्यांना आमची विनंती आहे की गाडी थोडी उशिरा बोलवावी.

घरी नेल्यावर माल सावलीत, थंड जागी ठेवावा. तापमान १० अंशांनी वाढले की रंग आणि चव बिघडवणाऱ्या रासायनिक क्रियांचा वेग साधारण दुप्पट ते तिप्पट होतो. उघडलेला डबा पुन्हा टिकाऊ होत नाही. उरलेला गर काचेच्या किंवा स्टीलच्या भांड्यात काढून फ्रिजमध्ये ठेवावा आणि तीन-चार दिवसांत संपवावा, त्यात ताजा गर मिसळून ठेवू नये. थोडा थोडा वापर असलेल्या ग्राहकांसाठी आम्ही लहान बाटल्या आणि पाऊचही भरतो. त्यांचे भराईचे शुल्क थोडे अधिक पडते, परंतु उघडून वाया जाणारा गर लक्षात घेतला, तर बहुतेकांना तेच परवडते.

अखंड फळे आणणाऱ्यांना आम्ही सकाळचे पहिले पाळीक्रम देतो, क्रेट आदल्या दिवशी आमच्याकडून नेता येतात, आणि गर काढल्यापासून तो गरम होईपर्यंत आमच्या यंत्रावर काही मिनिटेच जातात. साली आणि कोयी परत हव्या असतील, तर तसे आधी सांगावे. पहिल्यांदा येणाऱ्यांसाठी २० किलो फळांचा चाचणी घाणा काढून त्याचा ब्रिक्स (साखरेच्या प्रमाणाचे माप), सामू आणि भरतानाचे तापमान आम्ही लिहून देतो, आणि त्या घाण्याचा एक सीलबंद नमुना वर्षभर आमच्याकडे ठेवतो. पुढे काही तक्रार आल्यास तो नमुना आपल्यासमोरच उघडला जातो. नोंदणी करताना फळाचे नाव, अंदाजे वजन, ते कितपत पिकले आहे आणि कोणत्या दिवशी तोडले हे सांगावे, म्हणजे त्याप्रमाणे चाळणी, तापमान आणि आपली वेळ आदल्या संध्याकाळीच ठरवता येते.