कुंडीतली चुंबळ : कुंडीच्या मापामागचा इतिहास

कोल्हापुरात वळवाचे एक-दोन पाऊस झाले की रोपवाटिकांमध्ये गर्दी होते आणि प्रत्येक जण जवळजवळ एकच प्रश्न विचारतो, ‘याला किती इंची कुंडी लागेल?’ प्रश्न योग्य आहे, पण त्याचे उत्तर बहुतेक वेळा रोपाच्या उंचीकडे पाहून किंवा गॅलरीतल्या जागेकडे पाहून दिले जाते. मुळांकडे पाहून क्वचितच दिले जाते. आमच्या दिवाणखान्यातल्या रबराच्या झाडाला दोन वर्षे एकही मोठे पान फुटले नाही आणि घातलेले पाणी क्षणात खालच्या भोकातून बाहेर येऊ लागले, तेव्हा मी ते कुंडीतून बाहेर काढले. माती जवळजवळ उरलीच नव्हती. गुळाची ढेप जशी साच्याचा आकार घेऊन बाहेर पडते, तशी मुळांची ढेप कुंडीचा आकार घेऊन हातात आली. तळाशी मुळे एकावर एक गोल फिरून डोक्यावर घागर ठेवण्यासाठी केलेल्या चुंबळीसारखी घट्ट झाली होती. ही बाहेरची चुंबळ सोडवल्यावर आत दुसरी, लहान चुंबळ निघाली आणि तिचा घेर नेमका त्या काळ्या पिशवीएवढा होता, ज्या पिशवीतून ते रोप काही वर्षांपूर्वी घरी आले होते. कुंडी बदलली होती, पण पहिल्या पिशवीची कोंडी तशीच राहिली होती.

मुळाचे टोक ओल आणि मोकळी जागा शोधत पुढे जाते. गुळगुळीत भिंत आडवी आली की ते वळते आणि भिंतीच्या कडेने फिरत राहते. कोवळे असताना हे वळण हाताने सरळ करता येते. पण मूळ जून होऊन त्याचे लाकूड झाले की वळण कायमचे होते, आणि पुढे खोड जाड होत गेले की हीच वर्तुळे त्याला आवळू लागतात. म्हणून अशा रोपाला नुसत्या मोठ्या कुंडीत हलवून काम भागत नाही.

भांड्यात झाड ठेवण्याची कल्पना फार जुनी आहे आणि तिच्या मुळाशी बहुतेक वेळा प्रवास आहे. इजिप्तची राणी हत्शेपसुत हिच्या देर-अल-बाहरी येथील मंदिरात, इसवी सनापूर्वीच्या १५ व्या शतकात, पुंत देशातून आणलेली धुपाची जिवंत झाडे टोपल्यांत घालून खांद्यावरून नेणारी माणसे कोरलेली आहेत. टोपलीचे माप तिथे माणसाच्या खांद्याने ठरवले होते. १७८७ मध्ये ब्रेडफ्रूटची, म्हणजे नीरफणसाची, रोपे ताहितीहून वेस्ट इंडिजला नेण्यासाठी निघालेल्या ‘बाउंटी’ जहाजावर कप्तान ब्लाय याने १,०१५ रोपे चढवली, ती ७७४ कुंड्या, ३९ पिंपे आणि २४ पेट्यांमध्ये. त्यांच्यासाठी जहाजाची मोठी खोली रिकामी करून फळ्यांना कुंड्या बसतील एवढी भोके पाडली होती आणि निथळलेले गोडे पाणी पुन्हा वापरता यावे म्हणून जमिनीला शिशाचा पत्रा मारला होता. म्हणजे भोकाचा आकार सुताराने ठरवला, कुंडी त्या भोकात बसली आणि मुळांना कुंडीपुरतेच राहावे लागले. १७८९ मध्ये जहाजावर बंड झाले आणि ती सारी रोपे समुद्रात फेकली गेली.

पुढच्या शतकात लंडनचे डॉक्टर नॅथॅनियल वॉर्ड यांना १८२९ च्या सुमारास बंद बाटलीतल्या ओल्या मातीत नेचा उगवलेला दिसला आणि त्यातून काचेची बंद पेटी तयार झाली. १८३३ मध्ये पाठवलेल्या अशा पेट्या सिडनीपर्यंत सुखरूप पोहोचल्या. चीनमधून आपल्याकडे आलेली चहाची रोपे अशाच पेट्यांतून आली. या पेटीने समुद्राचा खारा वारा आणि पाण्याची टंचाई हे दोन्ही प्रश्न सोडवले, पण मुळांसाठी तिच्यात असलेली मातीची खोली बेताचीच होती. रोप जिवंत पोहोचले की काम झाले, अशी ती दृष्टी होती आणि त्या काळी ती चुकीची म्हणता येणार नाही.

कुंडीच्या मापाला नाव देण्याची इंग्लंडमधली जुनी रीत तर पूर्णपणे कुंभाराची होती. मातीच्या ठरावीक गोळ्यातून किती कुंड्या निघतात, त्यावरून ‘साठ’, ‘अठ्ठेचाळीस’, ‘बत्तीस’ अशी नावे पडली. ‘साठ’ म्हणजे सुमारे ३ इंची छोटी कुंडी आणि ‘बत्तीस’ म्हणजे सुमारे ६ इंची. आकडा जितका मोठा तितकी कुंडी लहान. आपल्या शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत किंवा बापट कॅम्पात अशी नावे नव्हती, पण भाजलेल्या मातीच्या कुंडीचा गुण तोच होता. तिची भिंत सच्छिद्र असल्यामुळे ओल बाहेर झिरपते. कुंडीवर दिसणारा पांढरा थर त्या ओलीबरोबर आलेल्या क्षारांचा असतो. अशा कुंडीत पाणी साचून मुळे कुजण्याची भीती कमी असते, ही गोष्ट आपल्या पावसाळ्यात मोलाची आहे.

मोठा बदल दुसऱ्या महायुद्धानंतर झाला. अमेरिकेत, विशेषतः कॅलिफोर्नियात, रोपवाटिकांनी वापरून झालेल्या खाद्यपदार्थांच्या पत्र्याच्या डब्यांत रोपे वाढवायला सुरुवात केली आणि ‘एक गॅलन’, ‘पाच गॅलन’ ही डब्यांची मापे झाडांना चिकटली. आजही त्या देशात ‘एक गॅलन’ म्हणून विकल्या जाणाऱ्या कुंडीत प्रत्यक्षात पूर्ण गॅलन माती मावत नाही. १९३३ मध्ये इंग्लंडमध्ये शोध लागलेले पॉलिथीन पुढे आपल्याकडे पिशव्यांच्या रूपाने आले. पिशवी हलकी, स्वस्त, टेम्पोत शेकड्याने रचता येणारी. त्यामुळे माप पुन्हा वाहतुकीने ठरवले. रोप विकले जाईपर्यंत पिशवीतच राहते, आणि एखादा हंगाम मंदा गेला की सहा महिन्यांसाठी भरलेल्या पिशवीत ते दोन वर्षे काढते. माझ्या रबराच्या झाडाची आतली चुंबळ तिथलीच.

याचा पहिला धडा घरगुती बागांनी नव्हे, वनखात्यांनी घेतला. कॅनडा आणि स्कँडिनेव्हियातल्या जंगलांत गुळगुळीत डब्यांत वाढवलेले पाइन लावल्यानंतर काही वर्षांनी वाऱ्याने कलंडू लागले. उपटून पाहिले तर मुळे अजून डब्याच्याच आकारात होती. त्यानंतर आतून उभ्या कडा असलेली आणि तळ उघडा ठेवलेली भांडी आली. कडेमुळे मूळ फिरत नाही, खाली उतरते. तळाशी हवा लागली की त्याचे टोक वाळते आणि मागून नवी तंतुमुळे फुटतात. अमेरिकेत बागायती-संशोधक कार्ल व्हिटकॉम यांनी तळ नसलेल्या दुधाच्या पुठ्ठ्याच्या डब्यांवर केलेले प्रयोग याच वाटेवरचे. आता मिळणाऱ्या कापडी ग्रो बॅगमागेही हेच तत्त्व आहे.

आपल्या जिल्ह्यात हे पाहायला लांब जावे लागत नाही. शिरोळ, हातकणंगले भागात एक डोळा पद्धतीने, म्हणजे कांडीचा एकेक डोळा लावून, उसाची रोपे कोकोपीट भरलेल्या प्रो ट्रेमध्ये (लहान खळग्यांच्या प्लास्टिकच्या ट्रेमध्ये) करतात आणि साधारण महिना-सव्वा महिन्यात ती रानात जायला हवीत, हे शेतकरी चांगले जाणतो. रान तयार नसले आणि रोप ट्रेमध्ये थांबले, तर पाने पिवळी पडू लागतात आणि उपटल्यावर मुळांची जाळी ट्रेच्या खळग्याचा आकार घेऊन येते. ऊस लावणाऱ्याला जी मुदत पाठ असते, ती घरातल्या झाडाबाबत आपण पाळत नाही, याचे मला खरोखर वाईट वाटते.

कुंडीच्या आकाराचा हिशेब नेमकेपणाने मांडला गेला तो २०१२ मध्ये. वनस्पतिशास्त्रज्ञ हेंड्रिक पूर्टर आणि सहकाऱ्यांनी ६५ अभ्यास एकत्र तपासून दाखवले की कुंडीचे आकारमान दुप्पट केले तर झाडाची वाढ सरासरी ४३ टक्क्यांनी अधिक होते. मुळांची अडचण होऊ नये म्हणून प्रयोगात १ लिटर मातीमागे झाडाचे कोरडे (वाळवल्यानंतरचे) वजन १ ग्रॅमच्या आत राहावे, अशी त्यांची शिफारस आहे. या मापाने घरातले जवळजवळ प्रत्येक झाड अडचणीतच असते; आपल्या हातात ती अडचण किती ठेवायची एवढेच उरते. इथे इंचांचे माप फसवते. ६ इंचीवरून ८ इंचीवर गेले तर वाढ दोनच इंचांची दिसते, पण उंचीही त्याच प्रमाणात वाढत असेल तर माती सव्वादोन पटींहून अधिक होते; १० इंचीत ती साडेचार पटींच्या पुढे जाते.

मग थेट १० इंचीच का घेऊ नये? कारण पाणी घातल्यावर कुंडीच्या तळाशी एक चिंब थर राहतोच, आणि मुळे पोहोचली नाहीत ती माती ओल शोषली न जाता तशीच राहते. जून ते सप्टेंबर कोल्हापुरात हवा दमट, ऊन नाही, घरात तर आणखी कमी. लहान रोपाभोवतीची ती जास्तीची माती आठ-आठ दिवस वाळत नाही आणि मुळांना हवा मिळत नाही. तळाशी खापरीचे तुकडे भरल्याने हा थर जात नाही, फक्त वर सरकतो. म्हणून घरातल्या झाडाला एका वेळी दोन इंचांची वाढ पुरे.

माझ्या झाडाला मी ८ इंचीऐवजी १० इंची मातीची कुंडी दिली, पण त्याआधी धारदार सुरीने तळाची चुंबळ दोन बोटे जाडीची कापून काढली आणि ढेपेला चार बाजूंनी उभे छेद दिले. आतली जुनी चुंबळ खोडाजवळ लाकूड झाली होती. तिच्यातली दोनच वळणे कापता आली. श्रावणात कुंडीच्या भोकातून पाहिले तर छेदाच्या जागेवरून पांढरी मुळे सरळ खाली उतरली होती.