खाओ सानला बेड घेण्याआधी : बँकॉकच्या पार्टी हॉस्टेलांची माहिती

आमच्याकडे बँकॉकचं तिकीट काढायला येणाऱ्या विशी-पंचविशीतल्या मुलामुलींचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "खाओ सान रस्त्यावरच बेड मिळेल ना?" सोंगक्रानचे, म्हणजे थाई नववर्षाच्या सणाचे, दिवस सोडले तर मिळतो. पण बेड कुठल्या मजल्यावर, कुठल्या गल्लीत आणि बारपासून किती लांब, यावर तुमची पुढची चार दिवसांची झोप अवलंबून असते. फोनवर आम्ही हेच पुन्हा पुन्हा सांगत असतो, म्हणून आता लिहून देत आहोत. घरी आईबाबांनाही वाचायला द्या.

खाओ सान म्हणजे टरफल काढलेला, न शिजवलेला तांदूळ. साळ, तांदूळ आणि भात यांना आपल्याकडे जशी वेगवेगळी नावं, तशी थाई भाषेतही आहेत. बांगलाम्फू भागातला हा रस्ता १८९२ साली राजा चुलालोंगकोर्नच्या काळात झाला आणि इथे तांदळाचा बाजार भरायचा. १९८०च्या दशकात पाठीवर पिशवी टाकून फिरणारे परदेशी लोक इथल्या स्वस्त खोल्यांत उतरू लागले आणि रस्त्याचं रूप पालटलं. लांबी जेमतेम चारशे मीटर, पाच-सात मिनिटांत संपतो. संध्याकाळनंतर मात्र तेवढंच अंतर कापायला अर्धा तास लागू शकतो, आणि समोरासमोरच्या दोन बारचे स्पीकर एकमेकांशी चढाओढ करत असतात.

बेड कुठे घ्यावा

थेट खाओ सानवरच्या हॉस्टेलात रात्री दोनपर्यंत, कधी त्याच्याही पुढे, डोळ्याला डोळा लागत नाही. ज्यांना तेच हवंय त्यांनी खुशाल घ्यावं. पण सकाळी राजवाडा बघायचा बेत असेल, तर शेजारच्या सोई रामबुत्रीत राहा. ही गल्ली वाट चना सोंगख्राम या देवळाला वळसा घालून जाते. झाडं आहेत, गाणी आहेत, पण आवाज माणसाला सोसवेल इतपत. त्याहून शांत हवं असेल तर नदीकाठचा फ्रा आथित रस्ता, किंवा कालव्यापलीकडचा सामसेन. तिथून खाओ सानला चालत जाता येतं आणि, याला आमच्या लेखी जास्त महत्त्व आहे, चालत परत येता येतं. पहिल्यांदा जाणाऱ्यांना आम्ही रामबुत्रीच सुचवतो.

या भागाला मेट्रोचं स्टेशन नाही. सर्वांत जवळचं सामयोत, साधारण दोन किलोमीटरवर. त्यामुळे रोज रात्री शहराच्या दुसऱ्या भागातल्या सुखुमवित रस्त्याकडच्या क्लबांत जायचं असेल, तर इथे राहून टॅक्सीतच पैसे जातील. आणखी एक घोळ नेहमी होतो. बँकॉकमध्ये 'नाना' दोन आहेत. चायनाटाऊनजवळची सोई नाना म्हणजे जुन्या दुकानघरांतले छोटे, छान बार. सुखुमवितवरचं नाना म्हणजे देहविक्रीचा बाजार. टॅक्सीत बसताना 'नाना' एवढंच सांगू नका.

हॉस्टेलात नेमकं काय असतं

सहा, आठ किंवा बारा जणांची डॉर्म, दुमजली बंक, बेडला बहुधा पडदा, दिवा आणि चार्जिंगचा पॉइंट. लॉकर असतो, कुलूप बऱ्याचदा आपलं आपण न्यायचं. एसी इतका गार की अंगावर घ्यायला पातळ चादर लागतेच. कापसाचे बोळे पुरत नाहीत, फोमचे इअरप्लग घ्या. पार्टी हॉस्टेलात मनगटावर पट्टा बांधतात, आठ-नऊच्या सुमारास खालच्या बारमध्ये खेळ सुरू होतात आणि दहा-अकराला कर्मचारीच सगळ्यांना घेऊन बाहेर पडतात, एका बारमधून दुसऱ्यात. एकट्याने गेलेल्याला ओळखी होण्याची याहून सोपी जागा नाही. आमचे किती तरी ग्राहक इथे भेटलेल्या मित्रांबरोबर पुढे चियांग माईला गेले आहेत. म्हणूनच ही हॉस्टेलं आम्ही मनापासून सुचवतो, नुसती स्वस्त म्हणून नाही.

काही ठिकाणी डॉर्मला वयाची वरची मर्यादा असते, आणि आठ-दहा जणांचा ग्रुप बऱ्याच हॉस्टेलांना नको असतो. ग्रुप असेल तर आधी सांगा, पूर्ण डॉर्म मिळते का ते बघू. मुलींसाठी वेगळ्या डॉर्म बहुतेक चांगल्या हॉस्टेलांत आहेत. आणि एक विनंती : सकाळी डॉर्ममध्ये बसून घरी व्हिडिओ कॉल करू नका. बाकीचे तासाभरापूर्वीच झोपलेले असतात.

पिण्याबद्दल, स्पष्टच

आपल्याकडे म्हणतात 'फुकट ते पौष्टिक'. पार्टी हॉस्टेलात ही म्हण घरी ठेवून जा. नोव्हेंबर २०२४ मध्ये शेजारच्या लाओसमध्ये, वांग व्हियांग गावात, मिथेनॉल, म्हणजे विषारी अल्कोहोल, मिसळलेल्या दारूने सहा परदेशी पर्यटक दगावले. त्यांतल्या दोन मुली एकोणीस वर्षांच्या होत्या. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये खुद्द बँकॉकमध्ये टपऱ्यांवरच्या यादोंगमुळे, म्हणजे जडीबुटी घातलेल्या गावठी दारूमुळे, माणसं मेली. आपल्याला हे नवीन नाही. मुंबईत मालवणीला २०१५ साली शंभरावर लोक असेच गेले.

मिथेनॉलला वेगळा रंग नाही, आणि मिसळलेल्या दारूत ते चवीवरूनही कळत नाही. शरीरात त्याचं फॉर्मिक ॲसिड होतं आणि ते डोळ्याची नस जाळतं. फसवं हे आहे की त्रास बारा-चोवीस तासांनी सुरू होऊ शकतो, आणि तो हँगओव्हरसारखाच वाटतो : डोकं दुखणं, उलट्या, पोटात कळ. पण नजर धूसर झाली, सगळं पांढरं दिसू लागलं किंवा धाप लागली, तर 'झोपून उठलं की बरं वाटेल' म्हणून थांबू नका. लगेच मोठ्या हॉस्पिटलात जा आणि मिथेनॉलचा संशय आहे असं आपणहून सांगा. वेळेत पोचलात तर उतारा आहे. अँब्युलन्स १६६९, पर्यटक पोलीस ११५५. हे दोन्ही नंबर आत्ताच फोनमध्ये टाका.

म्हणून आमचा आग्रह : समोर उघडलेली बिअर घ्या. प्लास्टिकच्या बादलीत रम, कोला आणि एनर्जी ड्रिंक मिसळून देतात ती 'बकेट' टाळा. आत काय ओतलं ते दिसत नाही, आणि गोडव्यामुळे किती प्यालो ते कळत नाही. फुकटचे शॉट नको म्हणा. ग्लास ठेवून नाचायला गेलात तर परत येऊन नवा घ्या. मुलगे आणि मुली, दोघांनाही हे लागू आहे. बहुतेक विमा पॉलिसी नशेत झालेल्या अपघाताचे पैसे देत नाहीत, तेही लक्षात असू द्या.

कायदा

दारूसाठी वय वीस पूर्ण हवं. व्हेपवर, म्हणजे ई-सिगारेटवर, थायलंडमध्ये २०१४ पासून बंदी आहे. बॅगेत असेल तर इथेच ठेवा. गांजाची दुकानं दिसतील, पण जून २०२५ पासून त्याला डॉक्टरची चिठ्ठी लागते. रस्त्यावर फुगे विकतात त्यांत नायट्रस ऑक्साइड हा नशेसाठी हुंगायचा वायू असतो, त्याची विक्री बेकायदा आहे. राजघराण्याबद्दल थट्टेतही काही बोलू नका, तीन ते पंधरा वर्षांची कैद आहे. नोटेवर राजाचं चित्र असतं, त्यामुळे वाऱ्याने उडालेली नोट पायाने दाबू नका.

पहाटे याच गल्ल्यांतून भिक्खू भिक्षेला निघतात. त्या वेळी तुम्ही परतत असाल तर बाजूला व्हा, आवाज कमी करा. स्त्रियांनी त्यांना स्पर्श करायचा नसतो.

शाकाहाऱ्यांनी 'जे', म्हणजे मांस-मासे नसलेलं जेवण, हा शब्द पाठ करावा. पिवळ्या पाटीवर लाल अक्षरांत लिहिलेला दिसतो. नुसतं 'भाजी' मागितलीत तर त्यात माशाचा सॉस येतोच. घरच्या चवीची आठवण झाली तर फाहुरात या भारतीय वस्तीच्या भागात जा. तिथल्या गुरुद्वाऱ्यात लंगर असतो.

सोंगक्रान १३ ते १५ एप्रिल. खाओ सानवर पाण्याची लढाई होते, फोनला वॉटरप्रूफ पिशवी हवीच. त्या तारखांचे बेड निदान दोन महिने आधी सांगा.

आमच्याकडून

आम्ही पहिल्या दोनच रात्री बुक करतो. जागा आवडली तर तिथेच वाढवा, नाही तर पैसे न गमावता गल्ली बदला. व्हिसाचा नियम तिकिटाच्या दिवशी तपासून सांगतो. थायलंडमध्ये शिरण्यासाठी ऑनलाइन भरायचा फॉर्म, म्हणजे डिजिटल अरायव्हल कार्ड, मे २०२५ पासून सक्तीचं आहे. ते पोचण्याआधीच्या तीन दिवसांत भरायचं आणि त्याला एक रुपयाही लागत नाही, पैसे मागणारी साइट खोटी समजा. ऑफिसात येऊन भरलंत तर आम्ही शेजारी बसून भरून देतो. पासपोर्टची झेरॉक्स आमच्याकडे ठेवून जा.

आणि रात्री अडचण आलीच, तर संकोच न करता फोन करा. तिथे दीड वाजलेला असतो तेव्हा आपल्याकडे बाराच वाजलेले असतात, आम्ही जागेच असतो.