लष्करी सेवेचे नागरी प्रमाणीकरण (कोल्हापूर)

सैन्यात शिकलेले काम नागरी नोकरीत किंवा पुढील शिक्षणात ग्राह्य धरले जावे म्हणून त्याला मान्यताप्राप्त प्रमाणपत्राची जोड देणे. कोल्हापूर जिल्ह्यात हा विषय घरोघरचा आहे. शिरोळ तालुक्यातल्या सैनिक टाकळीच्या नावातच सैनिक आहे आणि मराठा लाइट इन्फन्ट्रीचे रेजिमेंटल सेंटर शेजारच्या बेळगावात. जवान साधारण १५ ते १७ वर्षे सेवा करून पेन्शनीला येतो तेव्हा जेमतेम पस्तीस-चाळिशीचा असतो. मुले शाळेत असतात, घर अर्धे बांधून झालेले असते. दुसरी नोकरी त्याला लागतेच.

घोडे अडते ते कागदापाशी. डिस्चार्ज बुकात, म्हणजे सैन्य सोडताना मिळणाऱ्या पुस्तिकेत, ट्रेड (कामाचा प्रकार), क्लास (कौशल्याची श्रेणी), सेवाकाल आणि चारित्र्य यांच्या नोंदी असतात. ‘व्हेईकल मेकॅनिक, क्लास १’ एवढ्या एका ओळीत बर्फात गोठलेली इंजिने सुरू करणे, सुट्या भागांचा हिशोब ठेवणे, हाताखालच्या पोरांना शिकवणे असे सगळे दडलेले असते. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत अर्ज चाळणारा माणूस मात्र आयटीआयचा दाखला शोधतो. मग गावात सगळे ज्याला ‘मेजर’ म्हणून हाक मारतात, तो हवालदार कारखान्याच्या गेटवर वॉचमन म्हणून उभा राहतो आणि आत मेकॅनिकची जागा रिकामीच राहते. यात त्या घराइतकेच कारखान्याचेही नुकसान आहे.

यावर वाटा आहेत. संरक्षण मंत्रालयाचे पुनर्वसन महासंचालनालय निवृत्तीच्या तोंडावर असलेल्यांसाठी अभ्यासक्रम चालवते. जवान आणि जेसीओंची (नायब सुभेदार, सुभेदार वगैरे) फी सरकार भरते. आधीच अंगी असलेले कौशल्य तपासून प्रमाणपत्र देण्याची ‘पूर्वज्ञान मान्यता’, म्हणजे आरपीएल, ही पद्धतही आहे. मेकॅनिक, वेल्डर, इलेक्ट्रिशियन अशा हातांच्या कामांना ती विशेष उपयोगी पडते, कारण तिथे परीक्षा कामाची होते. कोल्हापुरात चौकशीची पहिली पायरी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय. माजी सैनिकांसाठीचे राज्याचे महामंडळ ‘मेस्को’ पुण्यात आहे.

एका सवलतीबद्दल गैरसमज फार आहे. दहावी उत्तीर्ण आणि १५ वर्षे सेवा झालेला माजी सैनिक केंद्र सरकारच्या गट ‘क’मधील, पदवी लागणाऱ्या पण तांत्रिक अनुभवाची अट नसलेल्या पदांसाठी पात्र धरला जातो. ही समकक्षता नोकरीपुरती आहे. तिच्या जोरावर शिवाजी विद्यापीठात एम.ए.ला प्रवेश मिळेल, असे समजून कोणी वर्ष वाया घालवू नये.

२०२२ च्या अग्निपथ योजनेने प्रश्नाची घाई वाढवली. चार वर्षांनी फार तर २५ टक्के अग्निवीर, म्हणजे या योजनेतून भरती झालेले जवान, कायम होतात; बाकीचे विशी-पंचविशीत, पेन्शनविना परततात. दहावीवर भरती झालेल्यांना राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेकडून बारावी करता यावी, तसेच इग्नूच्या (इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ) पदवीचे निम्मे श्रेयांक (क्रेडिट) सेवेतील प्रशिक्षणातून मिळावेत, अशी तरतूद त्याच वर्षी जाहीर झाली.

अर्ज लिहितानाही भाषा बदलावी लागते. ‘एमटी प्लाटूनमध्ये होतो’ (एमटी म्हणजे मोटार ट्रान्सपोर्ट, वाहनांची तुकडी) यातून कारखान्याला काही कळत नाही. किती गाड्या सांभाळल्या, कोणत्या बनावटीच्या, हाताखाली किती माणसे होती, हे लिहिले की कळते. कोर्सचे दाखले युनिट सोडण्याआधीच गोळा करावेत. नंतर सेवेच्या नोंदी ठेवणाऱ्या रेकॉर्ड ऑफिसशी पत्रव्यवहार करावा लागतो. मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या माणसाला बेळगाव जवळ पडते. ईएमईचे, म्हणजे वाहने आणि यंत्रे दुरुस्त करणाऱ्या सैन्यातल्या विभागाचे, रेकॉर्ड ऑफिस मात्र सिकंदराबादला आहे.