काकवी न्हवं, स्कीचं मेण

मावशीचा पोरगा ओस्लोला असतो. मे महिन्यात सांगलीला आला आणि बॅगेत चुकून राहिलेली क्लिस्टरची, म्हणजे स्कीला लावायच्या चिकट मेणाची ट्यूब उन्हानं पाघळून सगळे शर्ट चिकटले. मावशी म्हणाली, "काकवी सांडलीस काय रं?" दिसायला काकवीच, पण ती रॉकेलनं पुसावी लागली.

मला प्रश्न पडला, बर्फावर घसरायचंय तर चिकट कशाला लावायचं? तर क्रॉस-कंट्री स्कीइंगमध्ये नुसता उतार नसतो, सपाटीला आणि चढालापण जायचं असतं, म्हणजे मागं रेटताना स्कीनं बर्फ धरायला पाहिजे आणि लगेच सोडून घसरायलापण पाहिजे. खरी गंमत इथंय. ही स्की टेम्पोच्या कमान पाट्यासारखी मधे उचललेली असते. दोन्ही पायांवर वजन असलं की मधला भाग बर्फाला जेमतेम लागतो, सगळं वजन एका पायावर टाकून रेटलं की कमान दबते आणि तिथलं चिकट मेण बर्फाला भिडतं. म्हणून स्की घेताना उंचीपेक्षा वजन बघायचं. दुकानात सपाट फरशीवर दोन्ही स्कींवर उभं राहायचं, पायाखाली कागद सरकला पाहिजे, एका पायावर आलं की अडकला पाहिजे. एका पायावरपण सरकला तर स्की तुमच्यासाठी कडक, चढावर मागं घसरणार बघा.

आता मेण कुठलं? ताज्या, कडक थंडीतल्या बर्फाचे कण टोकदार असतात, ते कडक मेणातपण रुततात, तिथं हिरव्या किंवा निळ्या रंगाचं कडक मेण चालतं. मऊ लावलं तर कण सुटतच नाहीत, पावसाळ्यात काळ्या रानात चपलेला चिखलाचे गोळे येतात ना, तस्सं. ऊब वाढली की टोकं झिजतात, मग जांभळं, लाल असं मऊ मेण. आणि वितळून परत गोठलेल्या बर्फाला आपली काकवी, म्हणजे क्लिस्टर. शून्य डिग्रीच्या आसपास मात्र भल्याभल्यांची गाडी अडते.

पुढच्या-मागच्या टोकांना उलटा कारभार. तिथं पॅराफिन इस्त्रीनं जिरवून खरवडायचं. घर्षणाच्या उष्णतेनं पाण्याचा पातळ थर होतो आणि स्की पळते, हे बाउडेन आणि ह्यूज या शास्त्रज्ञांनी 1939 मध्ये दाखवलं. पाणी जास्त झालं तर ओल्या काचा चिकटाव्यात तशी ओढ बसते, म्हणून तळाला बारीक चरे पाडतात. फ्लोरीनवालं मेण लई पळायचं, पण आरोग्य आणि पर्यावरणापायी 2023-24 च्या सीझनपासून एफआयएसनं, म्हणजे आंतरराष्ट्रीय स्की महासंघानं, स्पर्धांत बंद केलं.

उरलेली ट्यूब मावशीनं फ्रीजमध्ये ठेवलीय, वर चिठ्ठी चिकटवून, 'खायचं नाही'.